शेवटची कडी

त्या रविवारी माझी दातखीळ बसली आणि लोकांना वाटलं, देव बोलला. घडलं ते इतकंच. उपासना संपत आली होती, पाळकसाहेबांनी नेहमीसारखा चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता शेवटची प्रार्थना मी करायची, आणि मी नेहमीसारखी उभी राहिले. खिडकीकडची जागा, पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. शब्द विसरले म्हणावं तर तसंही नाही, विसरलेला शब्द निदान कुठंतरी खुडबुडत असतो, आता येईल मग येईल असं करतो. इथं खुडबूडच नव्हती. पंखा फिरत होता, मागे कुणाचं तरी लेकरू चॉकलेटचा कागद चुरगळत होतं, आणि मी आ वासून उभी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? छातीवर जे महिनाभर बसलं होतं ते आता घशापर्यंत सरकलं होतं आणि मला फक्त एवढंच कळत होतं की घाम पाठीवरून खाली चाललाय. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पाळकसाहेबांनीच भरल्या आवाजात 'आमेन' म्हटलं, मी मटकन खाली बसले, आणि डोळे उघडून बघते तर ऑर्गनवाली रुमालानं नाक पुसतेय.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी मला घेरलं. एकीनं दोन्ही हात धरून म्हटलं, "काय शांतता होती हो! अंगावर काटा आला." बेकरीवाला म्हणाला, इतक्या वर्षांत असा अनुभव नाही. पाळकसाहेब तरुण आहेत, उत्साही आहेत, माझ्या भाच्याच्या वयाचे. ते म्हणाले, "बाई, आज तुम्ही आम्हाला देवासमोर गप्प राहायला शिकवलंत. वार्षिक प्रार्थनासभा तुम्हीच सुरू करायची. आणि अशीच. अगदी अशीच." मी काय बोलणार? मी मान हलवली. मान हलवणं कुठल्याही अर्थानं घेता येतं, आणि लोकांनी घेतलं. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, माझं तर न बोलणं सोन्यासारखं खपलं. घरी परतताना गाडी चालवत होते हे, म्हणजे आमचे यजमान. हे शाळेत चित्रकला शिकवतात, चर्चला येतात ते मला सोडायला आणि घ्यायला, आणि मधल्या वेळात मागच्या बाकावर बसून लोकांच्या डोक्यांची मागची बाजू बघतात. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "बरं वाटत नव्हतं का?" मी म्हटलं, "कुठे काय." ते म्हणाले, "हात थरथरत होते तुझे." मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनात म्हटलं, एवढ्या भरल्या चर्चमध्ये डोळे उघडे ठेवून बसलेला हा एकच माणूस, आणि तोही प्रार्थना न करणारा.

मी एका लॅबमध्ये कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून मी जबडे काढते, मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात लावते, चावा बरोबर बसतो का ते जबड्याच्या छोट्या यंत्रावर उघडमीट करून बघते. दिवसभर टेबलावर परक्या माणसांची तोंडं मांडलेली असतात. ती मला आजवर कधी भयाण वाटली नव्हती. उलट काम करता करता मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे, ओळख ना पाळख, नुसता जबडा बघून. हा माणूस झोपेत दात खात असणार, प्रभू, त्याला शांत झोप दे. ही म्हातारी एकाच बाजूनं चावते, दुसऱ्या बाजूला काहीतरी दुखणं असेल, बघ तिच्याकडे. कुणाला सांगितलं नाही कधी, सांगितलं तर म्हणतील कवळ्यांशी बोलते. पण माझा दिवस असा जायचा, मेण तापवावं आणि बोलावं, मेण तापवावं आणि बोलावं, आणि पलीकडे कुणीतरी ऐकतंय याची खात्री इतकी की ती खात्री आहे हेही कधी जाणवलं नाही. पायाखाली जमीन आहे म्हणून कोण खाली बघतं? आणि मग एका सकाळी जाग आली तीच छातीवर कुणीतरी बसल्यासारखी. डोळे उघडले, खोली तीच, कपाट तेच, हे पाठ करून झोपलेले. तरी खोलीत आणखी कुणीतरी होतं, किंवा कुणीतरी होतं ते उठून गेलं होतं, दोन्हींतलं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सवयीनं म्हटलं, "प्रभू." तो शब्द छताला लागला आणि परत माझ्याच तोंडावर पडला.

मी काही स्वस्थ बसणारी बाई नाही. उपास केले. गुडघे टेकले, गुडघ्यांनी तक्रार केली म्हणून उशी घेतली, उशी घेतल्यावर झोप आली. डॉक्टरकडे गेले, त्यानं दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं, सगळं ठणठणीत आहे म्हणाला, ह्या वयात होतं असं, चालायला जात जा. मी चालायला गेले आणि ते ओझं माझ्याबरोबर चालून आलं. सैतानाचा हल्ला आहे म्हणावं, तर त्याचीही तयारी केली. एका सकाळी हातात डाव घेऊन स्वयंपाकघरात मी त्याला चक्क दम भरला, "चल, नीघ इथून! प्रभूच्या नावानं सांगतेय, माझ्या घरात तुझं काय काम? ऊठ आणि चालायला लाग!" बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं, निघतोच आहे, बूट तरी घालू दे." मला हसू फुटलं, खूप दिवसांनी, आणि हसता हसताच रडू आलं, आणि ओट्याला टेकून मी दोन्ही एकदम करत राहिले. हे दारात आले, एका पायात बूट, आणि काय विचारावं हे न सुचून म्हणाले, "कांदा चिरतेयस का?" कांदा कुठंच नव्हता. मी हो म्हटलं.

सांगणार कुणाला, हा खरा घोळ. आमच्या मंडळीत कुणाचं काही बिनसलं की ती माणसं माझ्याकडे येतात. लग्न जमत नाही, पोरगा बोलत नाही, किडनीत खडा आहे, सगळे माझ्या दारात. विहिरीनं तहान लागली म्हणून सांगायचं कुणाला? पाळकसाहेबांना सांगून पाहिलं, आडून आडून. म्हटलं, "साहेब, कधीकधी मन जड होतं हो." ते लगेच पुढे सरसावून म्हणाले, "बाई, शत्रू नेहमी बलवान गडावरच चालून येतो." त्यांना वाटलं त्यांनी धीर दिला. मी घरी येईपर्यंत त्या गडाचा विचार करत होते. गड! मेला रिकामा गड, आत ना शिबंदी ना पाणी, आणि बाहेरून लोक बघून म्हणतायत, काय भक्कम तटबंदी आहे. मला कौतुक नको होतं. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की हो, तुझं फार वाईट चाललंय.

कौतुकावरून आठवतं. मी लहान असताना घरी पाहुणे आले की आई मला स्टुलावर उभी करायची, "म्हण गं तुझी प्रार्थना." मी डोळे घट्ट मिटून सुरू व्हायचे. आकाशापासून शेजाऱ्यांच्या लंगड्या कुत्र्यापर्यंत सगळे त्यात असायचे, आणि मधेच मी एक डोळा किंचित उघडून बघायचे, पाहुणे बघतायत ना. ते हमखास बघत असत. "काय प्रार्थना करते हो पोर!" मग बिस्किट. त्या बिस्किटाची चव मला आजही सांगता येईल, आणि देवाची चव काय, असं कुणी विचारलं तर बहुधा मी तीच सांगेन. याचा आता मला संताप येतो, आईवर नाही, पाहुण्यांवर नाही, त्या बिस्किटावरही नाही, नुसता येतो. पण मग आईचं शेवटचं दुखणं आठवतं. इस्पितळातली खाट, उशाशी मी, रोज संध्याकाळी तास तास प्रार्थना करत, शेजारच्या खाटांवरचे रुग्णही हात जोडून ऐकायचे. एका संध्याकाळी आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "किती बोलतेस गं. जरा पाय दाब." मला इतकं लागलं ते! ज्या बाईनं मला स्टुलावर चढवलं तिनंच खाली उतरवलं. मी पाय दाबले. पोटऱ्या काटक्यांसारख्या झाल्या होत्या. दाबता दाबता ती झोपली, आणि मी मनातल्या मनात राहिलेली प्रार्थना पूर्ण केली, अर्धवट सोडायची मला सवयच नव्हती. आता या महिन्याभरात ते वाक्य सारखं कानात वाजतं. कवळीला पॉलिश करताना यंत्र घुर्र करतं त्यात वाजतं. किती बोलतेस गं. हे आईनं म्हटलं होतं, की आणखी कुणी, असा वेडावाकडा विचार येतो आणि मी यंत्र बंद करते.

पुढच्या रविवारी तर कहरच झाला. बेकरीवाल्यानं प्रार्थनेला उभं राहून मौन धरलं. छान डोळे मिटून, हात पसरून. मग त्याचा फोन वाजला, कुठलंसं लग्नातलं गाणं, आणि तो बंद करताना त्याच्या हातून पडून बाकाखाली गेला आणि तिथून वाजत राहिला. लोक हसले नाहीत. इतके गंभीर झाले होते सगळे. माझ्यामुळे. उपासना संपल्यावर बेकरीवाल्याची सून माझ्याजवळ आली. अबोल मुलगी. तिचं मूल पोटातच गेलं त्याला फार दिवस झाले नव्हते. तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन लांबलचक प्रार्थना केली होती, ती खाली बघून ऐकत होती. आता ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात ना, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तुम्ही बोलला असतात तर मी नेहमीसारखी ऐकत बसले असते." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून गेलीसुद्धा. मी तिथंच थिजले. मला आनंद व्हायला हवा होता. तिला मिळालं, म्हणजे तिथं काहीतरी होतं! माझ्या उघड्या तोंडाच्या आणि त्या मुलीच्या मधे कुठंतरी काहीतरी येऊन गेलं, आणि मला शेजारून जातानाचा वारासुद्धा लागला नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. रस्ताभर मी मनात भांडत होते. तिला देतोस, माझ्या हातून देतोस, आणि मला नाही? मी काय तुझी हमाल आहे? आणि मग लक्षात आलं की कुणाशी तरी भांडतेय. जरा थांबून कान दिला. पलीकडे सामसूम. ही काही प्रार्थना धरता येत नाही, भांडण एकटीनंही करता येतं.

सभा आली उद्यावर. तीन चर्चच्या मंडळ्या एकत्र जमणार, मोठा हॉल, आणि सुरुवात माझी, 'अगदी अशीच'. सबंध शनिवार सकाळ मी एकाच कवळीशी झटत होते, खालचा दात वरच्याला टेकेना, मेण खरवडून काढायचं, पुन्हा लावायचं. मला दिसत होतं की मी उद्या उभी राहीन, गप्प राहीन, सगळे रडतील, आणि मग मला सबंध आयुष्य हेच करावं लागेल. रिकामी राहण्यासाठी लोक मला बोलावतील. आणि मी एकदा का ते नाटक वठवलं की पुन्हा खरं काही यायला जागाच उरणार नाही, आज जे येत नाहीये ते मग कधीच येणार नाही. हे इतकं लख्ख कळलं की हातातलं मेण खरवडायचं हत्यार खाली ठेवून मी लॅबच्या मागच्या गल्लीत गेले आणि ऑर्गनवालीला फोन लावला.

आमच्याकडे प्रार्थनेची साखळी असते. कुणाला काही अडचण आली की त्यानं ऑर्गनवालीला सांगायचं, ती पहिली कडी. ती प्रार्थना करून पुढच्याला फोन करते, तो त्याच्या पुढच्याला, असं करत निरोप सात-आठ घरं फिरतो. नाव द्यायचं नसेल तर नुसतं 'एक बहीण' किंवा 'एक भाऊ' म्हणायचं, कुणी खोदून विचारायचं नाही असा दंडक आहे. आणि शेवटची जी कडी, तिनं विनंती करणाऱ्याला स्वतः फोन करायचा आणि त्याच्याबरोबर मोठ्यानं प्रार्थना करायची. त्याला आम्ही साखळी मिटवणं म्हणतो. तर मी ऑर्गनवालीला म्हटलं, "माझ्या ओळखीची एक बहीण आहे. तिच्या मनावर फार दडपण आलंय. प्रार्थना सुचत नाही, देव ऐकतोय असं वाटत नाही, जीव घाबरा होतो." ऑर्गनवाली चुकचुकली. "अरेरे! नवीन आहे का गं विश्वासात?" मी म्हटलं, "नाही, जुनी आहे." ती म्हणाली, "मग शेवटी तिला फोन कसा करायचा? नंबर?" मी म्हटलं, "ते मी बघते की. शेवटी मीच असते." फोन ठेवला, गल्लीतून परत येऊन हात धुतले, मेणाचा दिवा पेटवला, आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला की मी काय करून ठेवलंय. शेवटी मीच असते! सात-आठ माणसं आता माझं दुखणं हातोहात पुढे देणार, आणि फिरून ते माझ्याच पदरात येऊन पडणार, आणि मग मी मला फोन करायचा. अशी अक्कल पाजळायला देवानं मलाच बरं निवडलं.

दुपारी घरी आले. हे बाहेरच्या खोलीत मुलांच्या चित्रांच्या वह्या तपासत होते. मी भाजी निवडायला बसले आणि फोन समोर ठेवला. मला कल्पना करता येत होती, आता बेकरीवाला करत असेल, कणीक लागलेल्या हातानं. आता ती धाप लागणारी नर्सबाई. लोक माझ्यासाठी प्रार्थना करतायत आणि त्यांना ठाऊक नाही, आणि मला ठाऊक असून काही वाटत नाही. नाही, वाटत होतं. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी, लपाछपीत सापडावंसं वाटणाऱ्या पोरासारखं. फोन वाजला. कंडक्टरकाका. बसमध्ये कंडक्टर होते, निवृत्त होऊनही जमाना झाला, एकटे राहतात. साखळीत ते माझ्या अगोदर. त्यांची प्रार्थना मंडळीत कुणी मागत नाही, कारण ती सुरू झाली म्हणेपर्यंत संपते, घंटी मारून गाडी सोडावी तशी. "पोरी, निरोप आलाय बघ," काका म्हणाले. "एक बहीण आहे. फार बेकार चाललंय तिचं. प्रार्थना होत नाही, अन्नपाणी जात नाही, नवरा सोडून गेलाय, खोलीत कडी लावून बसलीय." मी कपाळाला हात लावला. काही तासांत माझा संसार मोडून झाला होता. "तू लगेच फोन कर तिला," काका म्हणाले. "तू बोललीस की सुटेल ती. मी आपली माझ्यापरीनं केलीय. ऐकतेयस ना?"

मी ऐकत होते. निवडलेली पानं एका बाजूला, देठं एका बाजूला. एक वाक्य पुरलं असतं, हो काका, करते. ते वाक्य जिभेवर तयार होतं, अगदी गुळगुळीत, आजवर हजारदा वापरलेलं.

"काका, तिला फोन लागत नाही," मी म्हटलं.

"का गं?"

"एंगेज येतोय."

"मग थांब जरा आणि परत लाव. कुणाशी तरी बोलत असेल बिचारी."

"हो," मी म्हटलं. "तुमच्याशी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका अगदी हळू म्हणाले, "म्हणजे... नवरा?"

"नवरा बाहेर वह्या तपासतोय."

"बरं, बरं. ते एक बरं झालं." मग, "म्हणजे त्या रविवारी..."

"मला काही सुचलंच नाही काका. मौनबिन काही नव्हतं. मी तोंड उघडून उभी होते. अजून तशीच आहे. दीडएक महिना झाला हे चाललंय. मला वाटतं तिकडे कुणी नाहीच आहे. किंवा आहे आणि त्याला मी नकोय. मला फार भीती वाटते हो." हे सगळं एका दमात आलं आणि आवाज इतका विचित्र निघाला की बाहेर वह्यांची सळसळ थांबली.

काका धीराचं काही बोलले नाहीत. गडाचं नाही, शत्रूचं नाही. घाबरून म्हणाले, "मग आता साखळी मिटवायची कुणी? ती माझ्यावर आली की काय?" मी म्हटलं, "आली बहुतेक." ते म्हणाले, "पोरी, मला नाही गं येत तुझ्यासारखं." मी म्हटलं, "मलाही नाही येत." मग ते म्हणाले, "दात ग्लासात आहेत माझे, बोलणं फसफस होईल, समजून घे." आणि त्यांनी घसा खाकरला.

"देवा," काका म्हणाले, आणि थांबले. त्यांची गाडी पहिल्यांदाच घंटी न होता उभी होती. "देवा, ही आपली ही. तुला ठाऊकच आहे. आजपर्यंत आम्ही सगळे हिच्या जिवावर बसून आलो. ही उभी, आम्ही बसलेले. एकाच्याही लक्षात आलं नाही की हिचे पाय दुखत असतील. माझ्याही नाही. गाडीत मी असा बेसावध कधी नव्हतो, तुला माहीत आहे. कुणी दमलेलं चढलं की मी धडधाकट पोराला उठवायचो, ऊठ रे, बसू दे त्यांना. तसं काहीतरी कर. हिला बसू दे. ती बोलणार नाही, तिला बोलायला लावू नकोस. आम्ही उभे राहतो. आम्हाला नीट जमणार नाही, पण राहतो. आणि तिला भीती वाटतेय, तर तिथंच जवळपास अस. दिसला नाहीस तरी चालेल, पण अस." मग ते थांबले. "पुढचं मला सुचत नाही," असं देवाला म्हणाले की मला, कळलं नाही. मी तोंडावर पदर दाबून धरला होता. छातीवरचं ओझं होतं तिथंच होतं, रेसभरही हललं नव्हतं. पण इतके दिवस ते मी एकटीनं तोलत होते आणि आता पलीकडून कुणीतरी, चुकीच्या जागी का होईना, बोचऱ्या हाडांचा खांदा लावला होता. "आमेन" म्हणायचं माझ्याकडे आहे हे उशिरानं ध्यानात आलं. मी म्हटलं. फाटक्या आवाजात, पण म्हटलं.

"मग ऑर्गनवालीला काय कळवू?" काकांनी विचारलं. "मिटली म्हणू साखळी?"

"नको, मिटली नाही अजून. परत एकदा फिरवायला सांगा. आणि या वेळी एक बहीण म्हणू नका. माझं नाव सांगा."

"नाव?" काका चपापले. "उद्या सभा आहे गं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं, आणि मग वाटलं, खरंच लोक काय म्हणतील? पाळकसाहेबांचा चेहरा, त्या मोठ्या हॉलमधली कुजबुज, बेकरीवाल्याच्या सुनेला काय वाटेल, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तिला वाटेल मी फसवलं. की वाटणार नाही? "उद्या मी येणार आहे," मी म्हटलं. "पण बसून राहणार आहे." काकांनी हं म्हटलं आणि गडबडीत निरोप न घेताच फोन ठेवला.

आता काही करता येण्यासारखं नव्हतं. सुटलेली गोष्ट घरोघर चालली होती, माझ्या नावासकट, आणि नवरा या खेपेला तरी पळणार नाही एवढीच आशा. मी देठं गोळा केली, परत पसरली. उठून पाणी प्यायले, तहान नव्हती. थोड्याच वेळात फोन वाजायला लागला. ऑर्गनवालीचं नाव दिसत होतं. उचलावासा वाटेना. ती रागावेल, मग रडेल, मग बरीच खोदून विचारेल, दंडक गेला उडत. वाजू दिला. वाजत राहिला. हे दारात येऊन उभे राहिले, बोटांना लाल पेन्सिल लागलेली. "अगं, उचल की. आज कुणावर एवढं संकट कोसळलंय?"

"माझ्यावर," मी म्हटलं.

हे खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, हात जोडले, सोडले, शेवटी मांडीवर ठेवले. अशा वेळी डोळे मिटायचे असतात एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते घट्ट मिटले. मग माझ्याकडे लक्ष ठेवायचं राहून जाईल असं वाटलं असावं, म्हणून त्यातला एक पुन्हा उघडला, आणि तसेच, एक मिटलेला आणि एक उघडा डोळा माझ्यावर लावून बसून राहिले. मी फोन उचलला.